वापरलेला कोट

टोलीडोला, फुकटच्या वकिलांच्या कचेरीत,
झेरॉक्स मशीनच्या मागे एक कपाट आहे.
त्यात मेलेल्या माणसांचे सूट.
बायका आणून देतात, खिसे उलटे करून,
तरी एखाद्यात पुदिन्याची गोळी राहतेच.

मी मंगळवारी जाते. सुई, खडू, टेप.
इचलकरंजीत अठरा वर्षं ब्लाउज शिवले,
इथे खटला उभा राहिलेल्यांच्या पँटी आखूड करते.
तुरुंगाच्या कपड्यांत ज्युरीपुढे गेलं
की निकाल आधीच अंगावर असतो म्हणे.
म्हणून हा कोट.
निळसर राखाडी, दोन बटणांचा,
कुणा मिसेस शिमान्स्कींच्या नवऱ्याचा.

मार्चमध्ये तो कोल्बी रेनहार्टला चढवला.
बावीस वर्षांचा. गालाला खळी.
कमरेत दीड इंच आत घ्यावा लागला.
टाचण्या लावताना मला म्हणाला, "थँक यू, मॅम,"
आणि खरं सांगते, माझाही हात हलका झाला.
पेट्रोल पंपावरचा गल्ला, हातात पाना,
म्हाताऱ्या नोकराचं मनगट मोडलेलं.
न्यायाधीशबाई म्हणाल्या,
अख्खं आयुष्य पडलंय तुझ्यासमोर.
दोन वर्षं देखरेख. घरीच.
कोट परत आला, आफ्टरशेव्हच्या वासाचा.

मे महिन्यात ओडेल प्रुइट.
तोही गल्ला, नदीपलीकडचा.
पाना नव्हता, कुणाला खरचटलंही नव्हतं.
आत घेतलेलं सगळं मी उसवलं,
शिवणीत होतं नव्हतं तेवढं कापड सोडलं,
पाठीत पट्टी घातली,
तरी खांद्यावर ताणलाच.
रंगाचं मी बोलत नाही,
तो सगळ्यांनी आधीच पाहिला होता.
मी डाव्या बाजूचं बोलते.
लहानपणी उकळत्या तेलाने गेलेला गाल,
पापणी अर्धी, ओठ एका जागी टाचल्यासारखा.
नस मेली की तिथे काहीच हलत नाही.
गोंदण झाकायला एक मुलगी येते, मेकअपवाली.
तिने पाहिलं, डबी उघडली, मिटली.
तो मला म्हणाला, "सावकाश करा,
मला कुठे जायचंय?"
मी हसले. तोही हसला असावा.

त्या खेपेला मी पहिल्यांदाच कोर्टात बसले,
शेवटच्या बाकावर, शिवण टिकते का बघायला.
ज्युरी त्याच्या डावीकडे.
बारा माणसं, चार दिवस,
तेवढाच गाल बघत.
एक बाई तर पर्स मांडीवरून उचलून
पोटाशी धरून बसली होती.

मला मिरजेची मंडळी आठवली.
सतरंजीवर ओळीने बसलेली,
"जरा चालून दाखव."
मी काही बोलायच्या आधी
माझा पाय बोलून गेला होता.
पोहे मात्र त्यांनी संपवले.

शिवण टिकली.
न्यायाधीशबाई कागद चाळत म्हणाल्या,
चेहऱ्यावर पश्चात्तापाची रेघसुद्धा नाही.
सात वर्षं.

कोट मंगळवारी परत आला, पिशवीत, चुरगळून.
कॉलर ठीक. बटणं दोन्ही जागेवर.
डावी बाही कोरी.
उजव्या बाहीच्या टोकाला
पांढुरकी, कडक किनार,
मिठाची,
भिंतीकडच्या हाताला.

ब्रशने गेली असती.
ब्रश हातात घेतला, आणि ठेवून दिला.

आमच्याकडे प्रत्येक कोटाला चिठ्ठी असते.
मी लिहिलं: छाती अठ्ठेचाळीस,
शिवणीत आता कापड शिल्लक नाही.
आणि खाली, मराठीत,
तिथे कुणालाच वाचता येणार नाही असं,
हा रडला होता.